चौकटी उरल्या, चित्रं गेली: पेठांतल्या वाड्यांच्या नोंदींचं एक प्रकरण

पुण्याच्या पेठांमधले जुने वाडे पडायच्या आत निदान त्यांची नोंद व्हावी, म्हणून काही हौशी मंडळी बरीच वर्षं इंटरनेटवर एक सामायिक नोंदवही चालवतात. संस्था नाही, नोंदणी नाही, वर्गणीही नाही. एक निवृत्त अभियंता, शाळेत शिकवणाऱ्या एक ताई, वास्तुकलेचे दोन-तीन विद्यार्थी आणि पेठेतच जन्मलेले एक काका, ज्यांचा शब्द गटात शेवटचा. एका वाड्याला एक नोंद. चौक किती, मजले किती, कडीपाट (लाकडी कड्या-फळ्यांचं छत) शाबूत आहे का, दिंडी दरवाजा मूळचा की नंतरचा, आड बुजवलाय की वापरात आहे, असा मजकूर आणि सोबत छायाचित्रं.

मी डीटीपी आणि छपाईच्या कामातला. चित्रांच्या फाइलींशी रोजचा संबंध, म्हणून मला बोलावलं गेलं. निरोप एवढाच होता: ‘फोटो दिसत नाहीयेत, जरा बघता का?’

बघितलं तेव्हा निम्म्याहून जास्त नोंदी उघड्या पडल्या होत्या. एका नोंदीत ताईंनी लिहिलं होतं: ‘वर डावीकडे दिसतो तो हस्त पाहा. पोपट आणि केळफूल एकाच लाकडातून कोरलेलं आहे.’ हस्त म्हणजे खांबावर तुळई पेलणारा कोरीव लाकडी आधार. वर डावीकडे एक राखाडी चौकट आणि तिच्या कोपऱ्यात फाटलेल्या कागदाचं चिन्ह. तो वाडा आता नाही. खाली पार्किंग आणि वर सहा मजले आहेत. म्हणजे पुन्हा जाऊन फोटो काढायची सोय नाही. आणि मजकूर असा लिहिलेला की चित्राशिवाय त्याला अर्थ नाही. ‘बाजूच्या चित्रात दाखवल्याप्रमाणे’, ‘हे असं’, ‘खालचं बघून लक्षात येईलच’. काही लक्षात येत नव्हतं.

चित्रं गेली कुठे

गटातल्या बहुतेकांचा समज असा की चित्रं नोंदवहीतून ‘उडाली’. खरं म्हणजे ती नोंदवहीत कधी नव्हतीच. सुरुवातीच्या काळात जागा वाचावी म्हणून फोटो एका फुकट चित्रसाठवणीच्या सेवेवर चढवायचे आणि नोंदीत फक्त त्यांचा पत्ता घालायचा, अशी रीत पडली होती. पान उघडलं की चित्र तिकडून यायचं आणि इथलंच वाटायचं. शेजाऱ्याच्या माळ्यावर ठेवलेल्या ट्रंकेसारखा हा व्यवहार आहे. शेजारी आहे तोवर काही अडत नाही.

गटाने वापरलेल्या सेवेचं नाव इथे देण्यात अर्थ नाही, कारण हा एकट्या कोणाचा किस्सा नाही. पिकासाचे वेब अल्बम 2016 मध्ये बंद झाले. फोटोबकेटने 2017 च्या मध्यावर धोरण बदललं आणि दुसऱ्यांच्या पानांवर चित्रं दाखवायची असतील तर वर्षाला 399 डॉलर मागितले. जगभरच्या असंख्य पानांवर एका रात्रीत चित्रांच्या जागी पैसे भरायची सूचना दिसू लागली. टायनीपिक 2019 मध्ये गेलं. इमगरने 2023 मध्ये खात्याशी न जोडलेली, कोणी न बघणारी जुनी चित्रं काढून टाकणार असल्याचं जाहीर केलं. या सगळ्या कंपन्यांनी आपापल्या सोयीचा धंदा केला, त्यांना दोष देऊन उपयोग नाही. फुकट माळा कायमचा मिळेल हे गृहीत धरण्यात चूक होती.

पण सगळीच चित्रं अशी गेली नव्हती, आणि मला जास्त रस वाटला तो उरलेल्यांत. प्रत्येक रिकाम्या चौकटीमागचा पत्ता काढून एका तक्त्यात मांडला, तेव्हा वेगवेगळ्या तऱ्हा दिसल्या.

काहींनी चित्राचा पत्ता न देता अल्बमच्या पानाचा पत्ता दिला होता. ‘शेअर’ दाबलं की मिळतो तो बहुतेकदा असा. त्या पानावर चित्र असतं, आजूबाजूला बटणं असतात, नाव असतं, पण तो पत्ता म्हणजे चित्र नव्हे. चित्राच्या चौकटीत तो घातला तर पहिल्या दिवसापासून काहीच दिसत नाही. काहींनी फोटो ढगावरच्या (क्लाउडवरच्या) आपल्या खाजगी जागेतून जोडले होते. हे फसवं प्रकरण. ज्याने जोडलं त्याचं लॉगिन चालू, त्यामुळे त्याला चित्र लख्ख दिसतं, बाकी कोणालाच दिसत नाही. गटाच्या व्हॉट्सअ‍ॅपवर मागे जाऊन वाचलं तर ‘फोटो दिसत नाही’ आणि त्याखाली ‘माझ्याकडे तर दिसतोय’ ही जोडी पुन्हापुन्हा येते. कधीकधी पुढे ‘तुमचं नेट बघा’ हा अस्सल पुणेरी सल्लाही. यावर उपाय अगदी साधा आहे. चित्र टाकलं की ब्राउझरची खाजगी खिडकी उघडायची, लॉगिन न करता, आणि तिथे दिसतं का बघायचं. तिथे दिसलं तर सगळ्यांना दिसणार.

अभियंता काकांच्या नोंदींत आणखी वेगळाच घोळ होता. ते कॉम्प्युटरवर व्हॉट्सअ‍ॅप उघडून त्यातलं चित्र उचलून थेट नोंदीत चिकटवायचे. अशा चित्राचा पत्ता ‘ब्लॉब’ या शब्दाने सुरू होतो आणि तो त्या वेळच्या त्या ब्राउझरपुरताच खरा असतो. टॅब बंद झाला की पत्ता गेला. त्यांनी जतन केल्यावर चित्र बघितलेलं असायचं, शपथेवर सांगायचे, आणि ते खोटं नव्हतं.

शेवटची तऱ्हा मराठीची खास. काही ज्येष्ठ सभासदांना युनिकोडमध्ये टाइप करायची सवय नव्हती. ते वर्षानुवर्षं जुन्या फाँटमध्ये काम करत आलेले. त्या फाँटमधला मजकूर नोंदवहीत टाकला की इंग्रजी अक्षरांचा कचरा दिसायचा. म्हणून त्यांनी शोधलेली युक्ती अशी की पान टाइप करायचं, त्याचं चित्र करायचं आणि चित्रच टाकायचं. म्हणजे त्या नोंदींत चित्र गेलं तेव्हा लेखनही गेलं. वाड्यातल्या लोकांच्या मुलाखती, कोणत्या खोलीत कोण राहायचं, अशी सगळी माहिती. यातली काही पानं नशिबाने मंडळींच्या कॉम्प्युटरवर मूळ फाइलीत सापडली. उरलेल्यांच्या छापील प्रती मिळाल्या, त्यांचे सपाट उजेडात फोटो काढून गूगल ड्राइव्हवर चढवले आणि डॉक्समध्ये उघडले. मराठी मजकूर बऱ्यापैकी ओळखला जातो, जोडाक्षरांत आणि रफारांत गफलत होते, ती हाताने दुरुस्त करावी लागते. पुन्हा टाइप करण्यापेक्षा नक्कीच कमी त्रास.

मूळ फाइल कोणाकडे

चित्रं परत मिळवायची तर दोन वाटा होत्या. इंटरनेट अर्काइव्हच्या वेबॅक मशीनवर नोंदवहीची जुनी पानं साठवलेली सापडली, पण तिथे मजकूर जितका टिकतो तितकी दुसरीकडून आलेली चित्रं टिकतातच असं नाही. काही मिळाली, बरीच छोट्या आकाराची. दुसरी वाट म्हणजे ज्याने फोटो काढला त्याला गाठणं. हीच मुख्य.

इथे गटाच्या सवयी आड आल्या. फोटो एकाने काढायचा, व्हॉट्सअ‍ॅपवर गटात टाकायचा, दुसऱ्याने तिथून उतरवून नोंदीत घालायचा. आता विचारलं तर दुसरा म्हणतो माझ्याकडे आहे, आणि असतोही, पण तो व्हॉट्सअ‍ॅपने चेपलेला. नेहमीच्या पद्धतीने पाठवलेला फोटो लांब बाजूला साधारण 1600 पिक्सेलपर्यंत आणला जातो. बारा मेगापिक्सेलच्या फोनचा मूळ फोटो 4000 बाय 3000 असतो. शिवाय फोटोच्या पोटात कॅमेरा जी माहिती लिहितो, म्हणजे कधी काढला, कोणत्या कॅमेऱ्याने, जीपीएस चालू असेल तर कुठे, ती सगळी वाटेत पुसली जाते. 2023 पासून एचडी पाठवायची सोय आली, त्याने आकार वाढतो, पण माहिती राहत नाही. ‘डॉक्युमेंट’ म्हणून पाठवलं तरच फाइल जशीच्या तशी पोचते.

अँड्रॉइड फोनमध्ये व्हॉट्सअ‍ॅपहून आलेल्या फोटोच्या नावात तारीख असते आणि तिच्यापुढे ‘डब्ल्यूए’. या तारखेवर गटातल्या सगळ्यांचा भरवसा. ती तारीख फोटो फोनवर आल्याची, काढल्याची नव्हे. दहा वर्षांपूर्वीचा फोटो आज पाठवला तर नावात आजची तारीख. ही गोष्ट क्षुल्लक वाटते, पण पुढचं सगळं रामायण हिच्यावरूनच झालं.

भिंतीवरची काळी रेघ

एका वाड्याची नोंद. मालक दुसरीकडे राहतात, आत जुने भाडेकरू. पावसाळ्याच्या तोंडावर महापालिका मोडकळीला आलेल्या वाड्यांना नोटिसा देते, महाराष्ट्र महानगरपालिका अधिनियमाच्या कलम 264 खाली. तशी नोटीस या वाड्यालाही आली आणि मग वाद पेटला. भाडेकरूंचं म्हणणं, मागच्या भिंतीला तडा गेला तो शेजारच्या प्लॉटवर नव्या इमारतीसाठी खोदाई झाली तेव्हापासून. मालकांचं म्हणणं, भिंत आधीपासूनच गेलेली आहे आणि वाडा उतरवायलाच हवा. कोणीतरी मालकांना आमच्या नोंदीतला फोटो दाखवला. त्यात मागच्या भिंतीवर वरपासून खालपर्यंत एक काळी रेघ होती. मालक म्हणाले, हा बघा तडा. भाडेकरू म्हणाले, तडा कसला, विजेची वायर आहे ती. आणि फोटो कधीचा आहे यावर दोघांची दोन मतं, कारण नोंदीत तारीख नव्हती आणि फाइलच्या नावातली तारीख व्हॉट्सअ‍ॅपची.

दोन्ही बाजूंनी गटाला फोन केले. भाडेकरूंच्या घरी मंडळींनी चहा घेतलेला, माजघरापर्यंत जाऊ दिलेलं. त्यामुळे गटातल्या काहींचं मत पडलं की फोटो काढूनच टाकावा. भानगड नको. मला हे पटलं नाही. वाद सुरू झाल्यावर फोटो काढून टाकणं म्हणजे बाजू घेणंच, फक्त गुपचूप.

मूळ फोटो ताईंनी काढलेला होता, फोनने नव्हे, छोट्या डिजिटल कॅमेऱ्याने. मेमरी कार्ड त्यांच्याकडे शिवणाच्या डब्यात बटणांमध्ये सापडलं. कार्ड वाचलं गेलं ही नवलाची गोष्ट. फाइलच्या पोटातली तारीख बघितली तर एक जानेवारी, वर्ष कॅमेरा बाजारात येण्याच्याही आधीचं. बॅटरी बरेच दिवस काढून ठेवलेली असली की अशा कॅमेऱ्यांचं घड्याळ पुन्हा कारखान्यातल्या मूळ तारखेवर जातं, आणि ते कोणी लावत बसत नाही.

पण मूळ फोटो मोठा होता आणि तो पडद्यावर शंभर टक्क्यांवर उघडला तेव्हा दोन गोष्टी दिसल्या. नोंदीतल्या चेपलेल्या प्रतीत एकसंध दिसणारी रेघ प्रत्यक्षात दोन वेगळ्या गोष्टी होत्या. वरच्या अर्ध्या भागात लाकडी पट्टीवर ठोकलेली वायर, तिच्या क्लिपासुद्धा मोजता येत होत्या. ती स्विचबोर्डाकडे वळते, आणि नेमकी त्या वळणापासून खाली बारीक, वाकडीतिकडी भेग सुरू होते. जेपीईजीमध्ये फाइल पुन्हापुन्हा लहान करत गेलं की असे बारीक तपशील एकमेकांत मिसळतात, पट्टीची सरळ कड आणि भेगेची वेडीवाकडी कड एकसारखी काळी होते. म्हणजे मालक अर्धे बरोबर, भाडेकरूही अर्धे बरोबर.

दुसरी गोष्ट, कोनाड्याशेजारी टांगलेलं किराणा दुकानाचं कॅलेंडर. छोट्या प्रतीत तो नुसता पांढरा चौकोन होता. मोठ्यात ‘ऑगस्ट’ वाचता आलं. वर्षाच्या जागेवर नेमकी कापडी पिशवी लटकवलेली. एक तारीख सोमवारी होती आणि 18 च्या चौकटीत राखीचं चित्र. एक ऑगस्ट सोमवारी आला तो 2011, 2016 आणि 2022 मध्ये. त्यांतलं 18 ऑगस्टचं रक्षाबंधन फक्त 2016 चं. विद्यार्थ्यांपैकी एकाने हे फोनवर पाच मिनिटांत काढलं आणि दिवसभर मिरवलं.

शेजारची खोदाई त्यानंतरची. तेव्हा भेग आधीपासून होती असं दिसत होतं, आणि ज्यांनी आत घेतलं त्यांच्याच हे विरोधात जात होतं. गटात शांतता पसरली. पण कॅलेंडर म्हणजे दाखला नव्हे. पान उलटायचं राहून गेलेली कॅलेंडरं घरोघरी असतात, फोटो सप्टेंबरातला किंवा दिवाळीतलाही असू शकतो. आणि भेग तेव्हा किती रुंद होती हे फोटोवरून सांगता येत नाही, कारण शेजारी मापाला काही धरलेलं नाही. आधी बारीक असलेली भेग खोदाईनंतर वाढली, ही शक्यता फोटो नाकारत नाही.

शेवटी ठरलं ते असं. फोटो काढून टाकायचा नाही. नोंदीत मूळ आकारातलं चित्र घालायचं आणि खाली लिहायचं: ‘कॅमेऱ्यातली तारीख चुकीची. भिंतीवरच्या कॅलेंडरवर ऑगस्ट 2016 चं पान. वरच्या भागात वायर, स्विचबोर्डाखाली भेग. भेगेची रुंदी मोजलेली नाही.’ याच्या पलीकडे एक शब्द नाही. मूळ फाइलची प्रत दोन्ही बाजूंना दिली. कोर्टात इलेक्ट्रॉनिक नोंदीची प्रत दाखल करायची तर त्यासोबत प्रमाणपत्र लागतं, पूर्वी पुरावा कायद्याच्या कलम 65ब खाली, 1 जुलै 2024 पासून भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम 63 खाली. ते काम वकिलांचं. ताईंनी कार्ड मात्र तेव्हापासून वेगळ्या पाकिटात ठेवलं आहे आणि त्यावर कोणतीही नवी फाइल लिहायची नाही असं सगळ्यांना बजावलं आहे.

आता चित्र कसं चढतं

बदल फार नाहीत. मूळ फाइल जशी आहे तशी गटाच्या ताब्यात येते, डॉक्युमेंट म्हणून किंवा थेट केबलने. तिच्या प्रती दोन वेगळ्या घरांतल्या दोन हार्ड डिस्कवर, एक ढगावर. तिला कोणी हात लावत नाही. नोंदीत जाते ती वेगळी, दाखवायची प्रत, आणि ती नोंदवहीच्याच जागेत चढते, बाहेरून जोडलेली नाही. लांब बाजू 1600 पिक्सेल, जेपीईजीची गुणवत्ता 80 च्या आसपास, की चारपाच एमबीचा फोटो साधारण अर्ध्या एमबीच्या आत येतो. विटांच्या किंवा कोरीव कामाच्या फोटोला थोडं जास्त लागतं. पूर्वी एका नोंदीत दहादहा मूळ फोटो घातलेले, ते पान वाड्याच्या जाड भिंतीआड मोबाइलवर उघडायला किती वेळ लागायचा ते तिथे उभं राहिल्याशिवाय कळत नाही. जिथे तपशिलाला महत्त्व आहे, त्या रेघेसारख्या ठिकाणी, मोठं चित्र वेगळं उघडता येतं. वाड्यांचे नकाशे मात्र पीएनजीमध्ये. जेपीईजीत बारीक रेषांभोवती धूळ बसल्यासारखी दिसते.

आडवे पडलेले खांब हा जुना विनोद होता. फोन उभा धरून काढलेला फोटो कधीकधी नोंदीत आडवा व्हायचा, कारण फोन चित्र आपल्या सोयीने साठवतो आणि ‘दाखवताना फिरवा’ अशी खूण सोबत लिहितो. ही खूण सगळे ब्राउझर आपणहून पाळू लागले ते साधारण 2020 पासून, आणि मधली काही सॉफ्टवेअरं ती खूणच टाकून देतात. म्हणून दाखवायची प्रत करताना चित्र खरोखर फिरवूनच जतन करायचं. आयफोनवाल्या विद्यार्थ्याच्या फाइली अभियंता काकांच्या जुन्या कॉम्प्युटरवर उघडतच नव्हत्या. आयफोन 2017 पासून एचईआयसी नावाच्या प्रकारात फोटो साठवतो. कॅमेऱ्याच्या सेटिंगमध्ये फॉरमॅट बदलून ‘मोस्ट कंपॅटिबल’ केलं की साधं जेपीईजी येतं.

फाइलींची नावं मराठीत द्यायचा गटाचा आग्रह होता. मलाही आवडलं असतं. पण देवनागरी नाव पत्त्यात गेलं की एकेका चिन्हाचे नऊ रोमन अक्षरांचे तुकडे होतात. नुसत्या ‘वाडा’ची छत्तीस अक्षरं. असे पत्ते व्हॉट्सअ‍ॅपवर टाकताना मध्येच तुटायचे. म्हणून नाव रोमन लिपीत: पेठ, नोंदीचा क्रमांक, वर्ष-महिना-दिवस, चित्राचा क्रमांक. तारीख ठाऊक नसेल तर तिच्या जागी शून्यं. अंदाजाने तारीख घालायची नाही, यावर मी जरा हटून बसलो.

दाखवायच्या प्रतीतून जीपीएस पुसायचं हेही ठरलं. या वाड्यांत माणसं राहतात. कोरीव खांबांना आणि दारांना बाजारात चांगली किंमत येते, तेव्हा कोणत्या बंद वाड्यात काय आहे हे पाचदहा मीटरच्या अचूकतेने जगाला सांगायचं कारण नाही. विंडोजमध्ये फाइलच्या गुणधर्मांत जाऊन ही माहिती काढता येते. मूळ फाइलीत ती राहते. वर्तमानपत्रातून कापून लावलेली दोनतीन चित्रंही काढली. फोटोचा हक्क छायाचित्रकाराच्या मृत्यूनंतरच्या वर्षापासून 60 वर्षं राहतो, आणि ‘आम्ही कुठे पैसे कमावतो’ हे उत्तर नव्हे.

जुन्या छापील फोटोंवर जास्त वेळ गेला. सभासदांच्या घरच्या अल्बमांतून चांगला ऐवज निघाला. 600 डीपीआयवर स्कॅन केले, आणि ताईंच्या सूचनेवरून पाठीमागची बाजूही. मागे पेन्सिलीने नाव असतं, स्टुडिओचा शिक्का असतो. एकावर फक्त ‘पुरानंतर’ इतकंच लिहिलेलं, आणि त्या पिढीच्या पुणेकराला त्यापुढे काही लागत नाही. 12 जुलै 1961, पानशेत. फोटोत नदीकडच्या पेठेतला एक चौक, ओसरीच्या खांबांवर माणसाच्या डोक्याच्याही वर चिखलाची सरळ रेषा.

ज्यांना चित्र दिसत नाही

सुरुवातीला उल्लेख केलेले काका, शेवटचा शब्द ज्यांचा, त्यांची दृष्टी गेली काही वर्षं जवळजवळ गेलेली आहे. कॉम्प्युटर त्यांना मजकूर वाचून दाखवतो, मराठीतसुद्धा, थोड्या यंत्रमानवी उच्चारात. नोंदींतल्या चित्रांपाशी आला की तो फाइलचं नाव वाचायचा. डब्ल्यू, ए, शून्य, शून्य, शून्य, सात. काका वैतागून पुढे जायचे. म्हणजे वाड्यांबद्दल सगळ्यात जास्त ठाऊक असलेल्या माणसापर्यंत चित्रं कधी पोचलीच नव्हती, ती शाबूत होती तेव्हाही.

चित्र चढवताना पर्यायी मजकुराची एक रिकामी जागा असते, तिथे लिहिलेलं कॉम्प्युटर चित्राच्या जागी वाचून दाखवतो. बहुतेक लोक ती ओलांडून पुढे जातात. ती भरायचं ठरलं. पहिले प्रयत्न ‘वाड्याचा सुंदर फोटो’ या धाटणीचे होते. काकांनी विचारलं, ‘सुंदर म्हणजे कुठून बघून?’ मग हळूहळू शिस्त आली. कुठे उभं राहून काढला, समोर काय, डावी-उजवीकडे काय, मोजता येतं ते मोजून. खांब किती, पायऱ्या किती, कमान की सरळ तुळई.

बेवारशी चित्रांचा एक ढीग होता, कोणत्या वाड्यातली ते कोणालाच माहीत नसलेली. त्यातल्या एकात अंगणाच्या कोपऱ्यात विटांचा, वर निमुळता होत गेलेला, माणसाहून उंच मनोरा. विद्यार्थ्यांनी त्याला धुराडं म्हटलं होतं, कोणी समाधी म्हटलं. विद्यार्थिनीने वर्णन लिहिलं: चौकोनी पाया, वर जाताना अरुंद, शेजारी दगडी हौद, हौदात उतरायला तीन पायऱ्या, मागे पिंपळाचा बुंधा. ते ऐकून काका म्हणाले, ‘धुराडं कसलं, उच्छ्वास आहे तो.’ पेशवाईत कात्रजहून नळाने शहरात पाणी आणलं, त्या नळावर ठिकठिकाणी दाब सोडायला असे मनोरे बांधले होते. पायऱ्या तीनच आहेत का हे त्यांनी दोनदा विचारलं आणि वाडा कोणता तेही सांगितलं. जाऊन बघितलं, तर हौद बुजवलेला होता, मनोरा अर्धा उभा होता आणि पिंपळ होता.

त्यानंतर बेवारशी ढिगातलं एकेक चित्र वर्णनासकट काकांना वाचून दाखवायचा क्रम सुरू झाला. सगळीच ओळखू येत नाहीत, आणि काका अंदाजाने नाव देत नाहीत. ‘हे कुठलंही असेल’ म्हणाले की ते चित्र परत ढिगात.

अजून सुटलेलं नाही ते

पोपट आणि केळफुलाचा हस्त मिळाला नाही. ताईंना तो फोटो काढल्याचं आठवतं, कार्डावर नाही, वेबॅकवर टपाल तिकिटाएवढी प्रत आहे, तीच नोंदीत घातली आहे. खाली लिहिलंय की मूळ हरवलं.

गटात एक मतभेद आहे आणि तो मिटेल असं वाटत नाही. घरच्या माणसांनी परवानगी दिली म्हणून माजघराचे, देवघराचे फोटो काढले. नंतर ते कुटुंब सोडून गेलं, किंवा घरात वाटण्या झाल्या आणि दुसऱ्या भावाने आक्षेप घेतला, तर ते चित्र ठेवायचं की काढायचं? विद्यार्थी म्हणतात, नोंद म्हणजे नोंद, काढायची नाही. ताई म्हणतात, देवघर हे लोकांना दाखवायचं नसतंच. माझं मत असं की मूळ फाइल ठेवावी, दाखवायची प्रत काढावी, आणि त्या जागी वर्णन राहू द्यावं. सध्या तीन नोंदींत तसं केलंय. चौथ्या कुटुंबाला वर्णनही नको आहे. त्यांच्याशी बोलणं चालू आहे.